मुसाफिरखान्यातला शेंदूर

देवावर तुझा विश्वास आहे का, असे त्या दिवसांत मला कुणी विचारले असते तर मी गप्प राहिले असते. सिकंदराबादच्या मिशनच्या शाळेत मी इंग्रजीतून शिकले. तिथे सकाळी एक प्रार्थना म्हणायची आणि सुट्टीत घरी आले की आईच्या शेजारी उभे राहून दुसरी. दोन्ही मला पाठ होत्या. दोन्ही म्हणताना मी डोळे किलकिले ठेवून आजूबाजूच्यांचे चेहरे पाहत असे. त्यांना जे मिळते आहे ते मला का मिळत नाही, हे कळावे म्हणून. कुणाशी हे बोलण्याचा माझा स्वभाव नव्हता आणि आजही फारसा नाही. पण जालन्यात जे घडले ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात आहे.

आईचा डावा डोळा मी लहान असतानाच गेला होता. तिच्या माहेरी, धावड्याला, मोतीबिंदू काढणारा एक फिरता वैदू आला होता. त्याने सुई घातली, काही दिवस आईला लख्ख दिसले आणि मग जो अंधार झाला तो कायमचा. आता उजव्या डोळ्यातही सायीसारखे पांढरे धरू लागले होते. वडील निजामाच्या रेल्वेत कारकून होते. जालन्याला मिशनच्या दवाखान्यात डोळ्यांचे काम करणाऱ्या डॉक्टरीणबाई आहेत हे त्यांना कळले, पण त्यांना रजा मिळेना. मग मी आईला घेऊन जायचे ठरले. आईने एकच अट घातली. आधी राजूरच्या गणपतीला कौल लावायचा. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली फुले चिकटवायची आणि मनात प्रश्न धरून बसायचे. उजवे फूल आधी पडले तर देवाचा होकार, डावे पडले तर नकार. "मागच्या बारीला कुनालाच इचारलं न्हाई," ती म्हणाली. "आता त्यानं हो म्हटल्याबिगर मी डोळ्याला हात लावू देनार न्हाई." बैलगाडी घेऊन मामा धावड्याहून जालन्याला येणार, आम्हाला राजूरला नेणार आणि परत दवाखान्यात पोचवणार, असा बेत होता.

मामा येईपर्यंत आम्ही स्टेशनाजवळच्या मुसाफिरखान्यात उतरलो. जालना हे कापसाचे गाव. उत्तरेकडच्या गावांना जायचे तर माणसे इथेच आगगाडी सोडून गाडीबैलाची वाट बघत बसत, आणि त्यांतली ज्यांना कुणी नातलग नसत ती मुसाफिरखान्यात उतरत. मधे फरसबंद अंगण, भोवती पत्र्याच्या खोल्या, खोलीत सुंभाच्या दोन बाजा आणि एक खुंटी. भिंतींना चुना नवा होता तरी बाजांत ढेकूण होतेच. शेजारच्या खोलीत कापसाच्या दलालांची माणसे मोठमोठ्याने भाव बोलत. मालकीण रहमतबी म्हणून एक थोराड बाई होती. तिला सगळ्यांची चौकशी करायची असे आणि मला कुणालाच काही सांगायचे नसे, त्यामुळे मी खोलीतच बसून राही. आई मात्र पहिल्याच सकाळी भिंतीला धरून अंगणभर फिरून आली. कुठे पायरी आहे, आड किती पावलांवर आहे, हे तिने हाताने समजून घेतले. आडाजवळ लिंबाखाली कमरेएवढा एक दगड रोवलेला होता. त्यावर तिचा हात पडला तशी ती थांबली. बोटांनी तिने तो वरून खाली चाचपला. थरावर थर बसून गुळगुळीत झालेला, आणि तिच्या उरलेल्या नजरेला दिसेल इतका लाल.

"अगं पोरी, हितं बाप्पा हाय की," ती म्हणाली, आणि तिने तिथेच डोके टेकले.

मी काही बोलले नाही. आदल्या संध्याकाळीच मी त्या दगडाची हकीगत खिडकीतून पाहिली होती. कोपऱ्यातल्या खोलीत यलय्या नावाचा रेल्वेचा रंगारी राहत होता. सिग्नलचे खांब आणि पुलांच्या लोखंडी कैच्या रंगवणे हे त्याचे काम. लोखंडाला गंज चढू नये म्हणून आधी शेंदराचा हात देतात. कामावरून आला की तो डब्यातला उरलेला रंग आणि भरलेला कुंचला त्या दगडावर पुसत असे. वर्षानुवर्षे पुसत असेल. पूर्वी त्या दगडाला लोक घोडे बांधत असत, हे रहमतबीच्याच बोलण्यात आले होते.

त्याच दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी आईचा डोळा पाहिला आणि मला इंग्रजीत सांगितले की डोळ्यात आतून ताण चढतो आहे. ऊन आणि धूळ वाढली की बाई डोळ्यांची कामे बंद ठेवत, ती पुन्हा थंडी पडल्यावर सुरू होत. शिमगा तोंडावर आला होता. हिवाळ्यापर्यंत थांबलात तर उजेडसुद्धा राहील असे मी म्हणणार नाही, त्या म्हणाल्या. मी ते आईला मराठीत सांगितले. आई म्हणाली, "मंग मामाला जल्दी येऊ दे."

मामाची वाट बघताना आई रोज त्या दगडाला पाणी घालू लागली. मस्तगडच्या बाजारात जाऊन मी झेंडूची फुले आणायची, दवाखान्याच्या वाटेवरच्या हिरवळीतून दूर्वा खुडायच्या आणि तिने त्या वाहायच्या. पहिल्या दिवशी यलय्या कुंचला घेऊन दगडापाशी आला, फुले पाहून थबकला आणि मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. तो तसाच मागे फिरला आणि त्याने कुंचला एका फाटक्या गोणपाटावर पुसला. रहमतबी हे बघत होती. ती हसत म्हणाली, "क्या बाई, मेरे आंगन में तुम्हारे देव भी उतर गए. इनसे भी खोली का किराया लेना पडेगा."

"घ्या की," आई म्हणाली. "पन बाजेतले ढेकूण आधी काढा. देवाला चावले तर तुम्हालाच पाप."

रहमतबी इतकी हसली की दलालांची माणसे बाहेर डोकावली. आईला परक्या ठिकाणी असे सहज बोलता येई. मी तिची मुलगी असून मला ते कधी जमले नाही.

मग मामा आले, पण पायी. धुळीने भरलेले पाय आडावर धूत ते म्हणाले, "आक्का, भोकरदनपास्नं खाली सगळी जनावरं खुरकुतीनं बसल्याती. आपले दोन्ही बैल उभे राहीनात. गावोगाव फिरलो, कुनी गाडी जुपून देईना. मोटार हाय म्हनत्यात ती बी मोडून पडलीया." राजूरपर्यंत चालत जाणे आईला शक्य नव्हते. ती म्हणाली, "मंग हितंच लावते कौल. राजूरचा काय अन् ह्यो काय, एकच." मामांनी दगडाकडे पाहिले, शेंदूर पाहिला, चपला काढल्या आणि हात जोडले. "बराबर हाय," ते म्हणाले.

तो दिवस मला फार जड गेला. उजवे फूल पडले तर आई उठून दवाखान्यात येईल, हे मला कळत होते. गप्प बसणे सोपे होते. पण डावे पडले तर रंगाऱ्याने कुंचला पुसलेल्या दगडाच्या शब्दावर माझी आई आंधळी होणार होती. दुपारी मामा जरा आडवे झाले होते. आई दाराशी बसून बोटांनी चाचपत तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ बसले आणि मी पाहिले होते ते सगळे सांगून टाकले.

तिचे हात थांबले. "तुला कधीपास्नं ठाऊक हाय?"

"आलो त्या दिवसापासून."

"म्हंजे मी रोज पानी घालून राह्यले अन् तू रोज बघून राह्यली." तिचा आवाज चढला नाही. "मला दिसत न्हाई गं. तुला तर दिसतं."

ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. संध्याकाळी तिने मामांना सांगितले की उद्याच्या गाडीने आम्ही परत जातो, कौल नाही अन् दवाखानाही नाही. मामांनी समजावले, रहमतबीने समजावले. आईने भिंतीकडचे तोंड वळवले नाही. मला तर तिच्यापुढे जायलाही धीर होत नव्हता. खरे बोलल्याने असे होईल हे शाळेत कुणी सांगितले नव्हते. मी गाठोडे बांधले. बांधताना माझ्याजवळ प्रार्थना म्हणून काही उरले नव्हते, इंग्रजी नाही अन् मराठीही नाही. एवढेच मनात आले, की आता माझ्याने काही होत नाही. कुणाला म्हणून ते म्हटले, हे मला ठाऊक नाही.

सकाळी उन्हे अंगणात आली तेव्हा आम्ही निघायच्या तयारीत होतो. यलय्या आमच्या दाराशी आला. अंघोळ करून आला होता, केसांतून पाणी गळत होते, आणि बिचकत उंबऱ्याच्या बाहेरच उभा होता. त्या दिवसापर्यंत तो आमच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"अम्मा," तो म्हणाला, "आज फूल नै डाले?"

आईने गाठोडे जवळ ओढले.

"आज दुधना के पुल पे चढना है. बीच की कैची, सबसे ऊंची. इत्ते दिन तुम्हारी पूजा हुई के हाथ जोडके निकलता था. आज फूल नै तो पांव नै उठरा."

आईने तोंड वळवले. "त्याला रंग तूच लावला ना रे?"

"हौ अम्मा. मैंच."

"मंग तुला मालूम हाय तो काय हाय ते."

"मालूम है." तो म्हणाला. "पन अब उसपे कुंचला पोंछने को हाथ नै उठता, अम्मा. मैं क्या करूं."

मग आईने माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी तिला आडापाशी नेले. रहमतबीने स्वतः कळशी भरून दिली. फुले नव्हती, तर तिनेच आपल्या दारच्या मोगऱ्याची दोन फुले तोडून आईच्या हातावर ठेवली. आईने दगडावर पाणी घातले, डोके टेकले आणि पुटपुटत राहिली. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आले. ह्या पोराला नीट खाली उतरव, त्याची माय कुठं असंल तिथं तिला सुखात ठेव, एवढेच ती म्हणत होती. यलय्याने हात जोडले, डबा उचलला आणि तो कामावर गेला.

मोगऱ्याची दोन्ही फुले अजून आईच्या मुठीत होती. आता ती कौल लावील म्हणून मामा वाट बघत होते. मीही बघत होते. तिने ती दोन्ही दगडाच्या पायथ्याशी ठेवून दिली.

"आक्का, कौल?" मामांनी विचारले.

"ते पोरगं काही न इचारता वर चढाया गेलं," आई म्हणाली. "मला तर नुसतं खाली निजायचं हाय." मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "चल. कुनीकडं हाय तुझा दवाखाना?"

मी आजवर त्या सकाळचा पुष्कळ विचार केला आहे. यलय्याला कुणी पाठवले होते असे मी म्हणत नाही. त्याला भीती वाटत होती आणि तो आला, एवढेच खरे आहे. पण आम्ही दोघीही जिथे संपलो होतो, तिथेच तो येऊन उभा राहिला. दगडाचे खरे रूप मीही जाणत होते आणि यलय्याही. माझ्या जाणण्याने आईचा विश्वास मोडला आणि त्याच्या जाणण्याने तो उभा केला, हे कसे झाले ते मला अजून नीट सांगता येत नाही. आईला मी पुढे तेही विचारले. ती म्हणाली, "मी माझ्यासाठी इचारत व्हते तवा भीती व्हती. त्याच्यासाठी मागितलं तवा माझं मागायचं राहूनच गेलं."

त्याच दिवशी आईला दाखल करून घेतले. संध्याकाळी रहमतबी दवाखान्याच्या फाटकापर्यंत निरोप घेऊन आली, की यलय्या उतरला, सलामत आहे, आणि बाजांना उकळते पाणी घातले आहे. दुसऱ्या दिवशी डोळ्याचे काम झाले. त्यानंतर डोके न हलवता, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून आई उताणी पडून होती. मी तिला चमच्याने पेज भरवी. अंधारात ती मला धावड्याच्या गोष्टी सांगे, आणि मी, जी कधी कुणाशी बोलत नसे, तिला माझ्या शाळेच्या गोष्टी सांगू लागले. तिथली प्रार्थनासुद्धा एकदा म्हणून दाखवली. "चांगली हाय," ती म्हणाली. "कळत न्हाई, पन चांगली हाय."

पट्टी काढली त्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यासमोर एक जाड काच धरली आणि बोटे मोजायला सांगितले. आईने बोटे मोजली नाहीत. ती माझ्याकडे बघत होती. "किती वाळलीस गं," ती म्हणाली, "जेवत व्हतीस का न्हाई?" मी भिंतीकडे वळले, कारण मला कुणासमोर रडता येत नाही.

नंतर चष्मा आला. निघण्याच्या दिवशी आई दवाखान्याच्या ओसरीवर बसली होती. समोरच्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी नेणारे हमाल, पाण्याच्या घागरी घेतलेल्या बाया, भांडणारी दोन पोरे, असे रोजचेच जात होते. बराच वेळ ती हलली नाही, तेव्हा तिथल्या परिचारिकेने येऊन विचारले, "बाई, काही पाहिजे का?"

"काही न्हाई," आई म्हणाली. "नुसती बघून राह्यले."

मी तिच्या मागे उभी होते. माझे हात जोडले गेले आहेत हे मला जरा उशिराच कळले. समोर मूर्ती नव्हती, कुणी म्हणायला सांगितले नव्हते, आणि त्या खेपेला डोळे किलकिले ठेवून कुणाकडे पाहावेसे वाटले नाही.