नाही म्हणायची शिकवणी

इंगोलश्टाटमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कंपनीत जयंत सबनीसांचा हुद्दा काही का असेना, खरं काम एकच होतं: पुण्याच्या ‘हो’चा अर्थ जर्मनांना सांगणं. पुण्याच्या ऑफिसातली मुलं प्रत्येक मुदतीला हो म्हणायची. इकडचे साहेब निर्धास्त व्हायचे आणि मुदत उलटली की कपाळाला हात लावायचे. अहो, हा हो म्हणजे नुसतं ‘ऐकलं’, असं जयंतराव त्यांना समजावायचे. वीस वर्षं याच एका अक्षरावर त्यांचा संसार चालला म्हणा ना!

मग फ्राऊ लेहनर वरिष्ठ म्हणून आल्या. दर वेळी मधे दुभाष्या कशाला, मुलांनाच तोंडावर नाही म्हणायला शिकवा, असं सांगून त्यांनी जयंतरावांना पुण्याला धाडलं. जयंतराव भोळे सांब. आपल्या पोरांचं भलं होतंय म्हणून जीव ओतून शिकवलं. तिथला टीम लीड उत्कर्ष तर सुरुवातीला ‘नाही’ म्हणताना मानही वर करत नसे. पुढे तो कामासाठी जर्मनीत आला, तेव्हा तीन महिने जयंतरावांच्याच घरी, वासंतीवहिनींच्या हातचं जेवला.

पोरं तयार झाली आणि जयंतरावांची जागा ठेवायची कशाला, असा विषय निघाला. पुण्यालाच विचारू, असं लेहनरबाईंनी ठरवलं. चोपन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देतो? जन्मात कुणापुढे शब्द न टाकलेल्या माणसाने उत्कर्षला फोन लावला.

“मीटिंगमध्ये एवढंच सांग, की सबनीस सर लागतात.”

“हो सर, नक्की. तुम्ही टेन्शनच घेऊ नका.”

दुसऱ्या दिवशी लेहनरबाईंनी विचारलं, तेव्हा उत्कर्षने थेट कॅमेऱ्यात बघितलं आणि स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की नाही, मधे कुणी लागत नाही. बाई खूश झाल्या. ‘गेनाऊ’, म्हणजे अगदी बरोबर, असंच बोलायला हवं, म्हणाल्या, आणि वर चांगलं शिकवल्याबद्दल जयंतरावांचे आभार मानले. पोटच्या पोरासारखं ज्याला मानलं, त्यानेच केसाने गळा कापला होता. जयंतरावांना संताप आला, पण दाखवायचा कुणाला?

घरी वासंतीला काही केल्या पटेना.

“अहो, पण तो तुम्हाला हो म्हणाला होता ना?”

“म्हणाला ना,” जयंतराव म्हणाले. “आणि मी ते खरं मानलं. मी!”