नत्थूभाऊंनी तपासलेली तंगूस

रोशनीचे बाबा, नत्थू नाव त्याईचं, पोलादाच्या प्लांटात रिगर हायेत. क्रेनले जड माल बांधून द्यायचं काम. ज्या तारेच्या दोरानं माल बांधतात त्याले स्लिंग म्हणतात. स्लिंग नवी कोरी आली तरी हे तिच्यावर भरवसा ठेवत नाईत. आधी जास्तीचा बोजा टांगून पाहतात, मगच कामाले लावतात. तिथं हे बरोबरच हाय, वरून माल सुटला तर खालचा माणूस हाती लागणार नाई. पण हा माणूस ड्यूटी संपली तरी तसाच घरी येते, हा माया जिवाले ताप. दूधवाल्याचं दूध बोटावर घासून पाहतात. एका डॉक्टरची गोळी दुसऱ्या डॉक्टरले दाखवतात. मी भाजी ताजी हाय म्हटलं का देठ मोडून पाहतात, अन् वरून मलेच म्हणतात, 'पंचफुला, तुले कोणीही फसवते.'

पोरीच्या लग्नात तर त्याईनं कहरच केला. रोशनी इथंच सेक्टर दोनमधल्या शाळेत शिकवते. एक स्थळ आलं तर हे पोट्ट्याच्या घराजवळच्या पानठेल्यावर चौकशीले जाऊन बसले. दुसऱ्याच्या मोहल्ल्यातल्या न्हाव्याकडे दाढी करून आले. कुठं ह्याईले खोट सापडली, कुठं त्या लोकाईलेच खबर लागली अन् त्याईनंच नकार कळवला. रोशनी कधी काही बोलली नाई. या वेळी कपड्याच्या घड्या करता करता मले म्हणे, 'आई, हे शेवटचं. हेही मोडलं तर मले मग कोणासमोर बसवू नका.' रागानं बोलली असती तर मी समजावलं असतं. पण ती थंडपणानं बोलली.

हे शेवटचं स्थळ म्हणजे प्रफुल. दुर्गले राहते, रेल्वेत असिस्टंट लोको पायलट हाय, मूळचे आमच्यासारखेच भंडाऱ्याकडचे. स्थळ आणलं सिंधुताईनं, आमची जुनी शेजारीण. फोटो अन् बायोडाटा इकडून तिकडं झाला होता, पाहण्याचा कार्यक्रम व्हायचा होता. सिंधुताई बोलता बोलता म्हणाली, 'पोरगा सुपारीही खात नाई. एकच नाद हाय, सुट्टी असली का मरोद्याच्या तलावावर गरी खेळायले जाते.' गरी खेळणं म्हणजे इकडं गळानं मासे धरणं.

झालं, ह्याईचे कान टवकारले. सिंधुताई गेली तसे म्हणे, 'दिवसभर एकटा तलावाकाठी बसते? पाण्याकडं पाहत? पीत असन.'

'मासे धरत असन,' मी म्हटलं.

'मासे बजारात नाई भेटत का?'

मंग ह्याईनं ठरवलं का गरीवाला बनून तलावावर जायचं अन् पोट्ट्याले डोळ्यानं पाहायचं. त्यानं ह्याईले कधी पाह्यलं नव्हतं. आता या माणसानं जन्मात गळ हातात धरला नव्हता. मी म्हटलं, 'तुमाले पाहून तर बेडूकही वळखन का हा गरीवाला नोहे.' पण ऐकते कोण. वरून मलेही संगं घेतलं. नवराबायको दिसले का कोणाले शक येत नाई म्हणे. मी गेली ते ह्याईच्या शकासाठी नाई. मले ह्याईचाच शक होता का हा माणूस काहीतरी करून ठेवीन.

सिविक सेंटरच्या मागच्या गल्लीत बबलूचं गरीच्या सामानाचं दुकान हाय. पोट्टा सरळ बोलला. म्हणे, 'काका, पहिल्यांदाच खेळून राहिले तर लय महागाचं नका घेऊ. मरळ धरायची हाय ना? मंग ही मधल्या लांबीची कडक काठी घ्या, हा साधा रीळ घ्या, गळ लावलेले दोन रबराचे बेडूक घ्या. मरळ बेडकावर झेपावते. पण लाइनीत कंजुषी नका करू. ही गुंफलेली लाइन घ्या.'

ह्याईनं काठी वाकवून पाह्यली. रीळ कानाजवळ नेऊन फिरवला. रबराचा बेडूक तर नाकाले लावला. बबलूनं तोंड फिरवलं, मी ओळखलं का तो हसून राहिला. मंग ती गुंफलेली लाइन हातात घेऊन हे म्हणे, 'गुंफलेल्या दोराचं मले नको सांगू. माई नोकरी त्याच्यातच गेली. दोर वरून चांगला दिसते अन् आत सडलेला असते. याच्या आत काय भरलं हाय, तुले तरी मालूम हाय का?'

'काका, हा धागा हाय. आत काय भरणार?'

'मले ती दाखव,' म्हणून ह्याईनं काचेसारखी पारदर्शक, नायलॉनची तंगूस मागतली. आरपार दिसते म्हणजे त्यात काही लपवता येत नाई, हा हिशोब. बबलू म्हणे, तंगूसही चालते, पण थोडी जाडी घ्या अन् सांभाळून वापरा. दुकानदार जाडी घ्या म्हणते म्हणजे जाडी खपत नसन, म्हणून ह्याईनं बारीक घेतली. मी बाहेर येऊन उभी राह्यली. माणसाची लाज माणसालेच वाटत नसन तर बायकोनं काय करावं.

घरी आल्यावर तर विचारूच नका. पंख्याच्या हुकाले तंगूस बांधली अन् खाली बादली टांगली. बादलीत पाणी टाकलं. तुटली नाई. मंग विटा टाकल्या. तंगूस ताणून ताणून इतकी बारीक झाली का मले दिसेना. तरी तुटली नाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, दुसऱ्या टोकाकडून. रोशनी शाळेतून आली, टांगलेल्या बादलीकडं पाह्यलं अन् तशीच आत गेली. हे मात्र खुश. 'पास झाली,' म्हणे, 'आता मरळ काय, मगर आणा.'

रविवारी आम्ही मरोद्याले गेलो. प्रफुल काठावर उभा होता, फोटोपेक्षा सावळा, पँट गुडघ्यापर्यंत मुडपलेली. ह्याईनं त्याच्यापासून थोडं दूर बूड टेकवलं अन् बेडूक फेकला तो मागच्या बाभळीत. तो पोट्टा आला, काट्यातून बेडूक सोडवला, अन् हिंदीत म्हणे, 'अंकल, पहली बार? ऐसे पकड़िए.' त्यानं काठी कशी धरायची, बेडूक पाण्यावरून कसा उड्या मारत आणायचा, सारं दाखवलं. मले तर तो तिथंच आवडला. हे डोळे बारीक करून त्याच्या तोंडाचा वास येते का पाहून राहिले होते.

मंग त्यानं तंगूस बोटात धरली अन् थांबला. 'अंकल, इसमें जान नहीं है. किसी ने बहुत खींचा है इसको.'

'मीच खींचा,' हे म्हणे, 'बादली टांगके. पास हुई है.'

'तभी तो मर गई. लोहे का तार थोड़ी है. मेरी लाइन ले लीजिए, बहुत है.'

फुकट देते म्हटल्यावर हे घेतील का? 'नहीं, अपनी ठीक है.' तो पोट्टा आपल्या जागी गेला. मी कोपरानं ढोसलं, तर म्हणे, 'अनोळखी माणसाले कोणी फुकट देते का? कायतरी असन.'

थोड्या वेळानं पाण्यात असा धप्प आवाज झाला का मी घाबरली. मरळ लागली होती, मोठी, तिचं काळं डोकं मीही पाह्यलं. ह्याईनं काठी ओढली अन् तंगूस टच्कन तुटली. मरळ तोंडातल्या बेडकासकट गेली. हे रिकामी काठी धरून उभे.

प्रफुलचं तोंड उतरलं. 'अब वो खाएगी कैसे? काँटा मुँह में रह गया.' अन् तो तसाच पाण्यात उतरला, झुडपात अटकली असन म्हणून गवत चाळत दूर गेला. मासा आपला नाई, चूक आपली नाई, तरी कमरेइतक्या पाण्यात. माया डोळ्यात पाणी आलं. मी वळून म्हणणार होती का आता तरी पाह्यलं ना, तर ह्याईनं त्याची थैली उघडली होती. पोळ्याचा डबा, पक्कड, पाण्याची बाटली. ह्याईनं बाटलीचं झाकण काढलं अन् नाकाले लावली.

तो त्याच वेळी वळला.

मरळ न भेटता तो बाहेर आला, भिजलेला. मले काही सुचलं नाई, तोंडातून निघून गेलं, 'बेटा, आमी रोशनीचे आईबाबा.' त्यानं ह्याईच्या हातातल्या बाटलीकडं पाह्यलं. मंग हात पुसून त्यानं नमस्कार केला, अन् पहिल्यांदा मराठीत बोलला. 'मामा, बाटलीत काही सापडलं?'

'नाई,' हे म्हणे अन् बाटलीचं झाकण लावलं.

'राग नाई मले. पोरगी द्यायची तर बाप पाहीनच. पण मलेही एक इचारायचं हाय. तुम्ही माया सारा तपास केला. रोशनीले इचारलं का, तिले हे लग्न पायजे का?'

ह्याईनं मायाकडं पाह्यलं. मी काय सांगू, मीही नव्हतं इचारलं. इतकी स्थळं आली, पानठेलेवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्याईले इचारून झालं, अन् ती घरातल्या घरात कपड्याच्या घड्या करत होती.

'तिचं उत्तर येईपर्यंत आमच्याकडूनही थांबलं समजा,' तो म्हणाला. त्यानं थैली उचलली अन् गेला.

आम्ही स्कूटरवर परत आलो. मोडलं, असंच मले वाटत होतं. घरी रोशनी शाळेतल्या पोराईच्या वह्या तपासून राहिली होती. हे चपला न काढता तिच्यासमोर उभे राह्यले. कोणालेही काहीही इचारणारा माणूस, पण पोरीले पहिल्यांदाच इचारत होता. शेवटी म्हणे, 'बेटा, तो प्रफुल. तुले कसा वाटते? तुले लग्न पायजे का?'

रोशनीनं पेन खाली ठेवला. बापाकडं पाह्यलं, मंग मायाकडं, अन् ती रडली. लहानपणापासून तिले असं रडताना मी पाह्यलं नव्हतं. मंग डोळे पुसून म्हणे, 'मले मालूम नाई बाबा. मी त्याच्याशी कधी बोललीच नाई. नंबर द्या.'

ह्याईनं नंबर दिला. ती फोन घेऊन आतल्या खोलीत गेली अन् दार लावलं. आतून बोलणं येत होतं, शब्द समजत नव्हते. हे दाराजवळ गेले. मी उठत होती, तर ते आपणच थांबले, मागं आले, अन् पलंगावर बसून चपला काढायले लागले. मले हळूच म्हणे, 'नाई म्हणाली तं?'

'तं नाई,' मी म्हटलं.