इंदूमावशी आणि जहाजाचं टपाल

इंदूमावशींची आणि माझी ओळख मेतकुटामुळे झाली. दोन हजार एकचे ते थंडीच्या तोंडावरचे दिवस. पाकिटांतून विषारी पूड येते या बातमीनं सगळ्या देशाला घाम फुटला होता, आणि माझ्या आईनं नेमकं तेव्हाच नागपूरहून मेतकूट पाठवलं. मी शिकायला नुकताच मिशिगनला आलो होतो आणि तिथल्या ट्रॉय गावातल्या एका अपार्टमेंटमध्ये मित्रांबरोबर राहत होतो. पार्सल वाटेत फाटलं होतं. त्यातून पिवळी पूड गळताना दिसताच तिथल्या मॅनेजरबाई ऑफिस सोडून पार्किंगमध्ये जाऊन उभ्या राहिल्या आणि पोलिसांना बोलवायची भाषा करू लागल्या. मी "फूड, फूड" म्हणून जीव तोडून सांगत होतो, ते कुणाला पटेना. तेवढ्यात समोरच्या घरातून श्रीमती इंदुमती साठ्ये रस्ता ओलांडून आल्या. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या या बाईंचा शब्द तिथं चालत असे. त्यांनी पार्सलावर वाकून वास घेतला, चिमूटभर पूड तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "नीड्स सॉल्ट." मग माझ्याकडे वळून, "आईला सांग, पुढच्या वेळी डब्यात भरून पाठव. आणि आज जेवायला ये."

त्या दिवसापासून त्या माझ्या मावशी झाल्या. मिशिगनमधल्या निम्म्या मराठी पोरांची गोष्ट थोड्याफार फरकानं हीच असेल.

आज मावशी पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. इथल्या मराठी मंडळानं गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि त्यांच्या टपालातल्या कामाबद्दल मी लिहावं असं मला सांगण्यात आलं. हे काम मी आनंदानं करतो आहे असं लिहायला हवं. तसं लिहवत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

साठ्येकाकांना इथं मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मावशी या देशात आल्या, आणि काही वर्षांत स्वतः टपाल खात्यात परदेशी टपालाच्या विभागात लागल्या. जुन्या काळच्या टपालाचं वर्ष त्यांच्या तोंडून ऐकावं. जानेवारीत नाताळची उशिरा पोचलेली पार्सलं निस्तरायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपले दिवाळी अंक जहाजानं यायचे, फराळाची चव विसरून गेल्यावर. वसंतात भोकं पाडलेल्या खोक्यांतून कोंबडीची पिल्लं यायची आणि सगळ्या हॉलभर चिवचिव. एप्रिलमध्ये कराचे कागद, पावसाळ्यात, म्हणजे आपल्या तिकडच्या पावसाळ्यात, राख्या. शरद लागला की नाताळाच्या परदेशी पार्सलांसाठी जहाज गाठायची धांदल. "विमान चुकलं तर दुसरं मिळतं रे. जहाज कुणासाठी थांबत नाही," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही घाई दिसते.

या वर्षात मावशींचा स्वतःचा असा एक हंगाम होता, तो उन्हाळ्याच्या सुरुवातीचा. छापील मजकूर जहाजानं परदेशी पाठवायचा असेल तर खातं एका पत्त्यावर आख्खं पोतं घेत असे. आपल्यापैकी बहुतेकांना ही सोय असल्याचा पत्ताही नव्हता. इथल्या एखाद्या मराठी घरातले आजी-आजोबा गेले, कुणी कायमचं परत निघालं, की मागं राहिलेली पुस्तकं मावशी गोळा करत, गॅरेजमध्ये लावून ठेवत आणि पोती बांधून कोकणातल्या, विदर्भातल्या लहान वाचनालयांना पाठवत. नोकरीत असताना त्यांनी हे सुरू केलं आणि निवृत्तीनंतरही सोडलं नाही. गाडी चालवायला मी असे.

त्यांचा एक नियम होता. ज्या घरातली पुस्तकं उचलायची, त्या घरातल्या मुलांना त्यातलं एक पान मोठ्यानं वाचून दाखवायचं, मगच खोकं उचलायचं. एकदा आम्ही एका वकील मुलाकडे गेलो होतो. त्याचे वडील नुकतेच वारले होते. तो म्हणाला, "मावशी, आय अ‍ॅम सॉरी, आय वोन्ट अंडरस्टँड अ वर्ड." मावशी म्हणाल्या, "नको समजू दे. बाबा वाचायचे तेव्हा ऐकायला कसं वाटायचं, तेवढं आठवतं का बघ." पान संपलं तेव्हा तो मान खाली घालून बसला होता. मग हळूच म्हणाला, "वन मोर?" मावशींनी आख्खी गोष्ट वाचली.

असं एकदाच घडलं, हेही सांगायला हवं. एरवी मुलं घड्याळाकडे बघत. काही घरांत तर मावशी वाचत असताना ऐकायला फक्त मी उरत असे.

गेल्या वर्षी जहाजाचं परदेशी टपाल बंद झालं. पोतं घेऊन आम्ही काउंटरवर गेलो तेव्हा तिथल्या माणसानं अगदी मवाळपणे सांगितलं, की आता सगळं विमानानंच जाईल. विमानाचा खर्च ऐकून आम्ही पोतं परत गाडीत टाकलं. वाटेत मावशी एवढंच म्हणाल्या, "जहाजं जातात रे अजून. फक्त आपलं घेत नाहीत." दुसरी काही वाट निघते का, हे विचारायला त्यांनी कोकणातल्या एका ग्रंथपालांना फोन लावला. मी शेजारीच होतो. ते म्हणाले, "ताई, खरं सांगू का, आता नकाच पाठवू. इथं वाचायला कोण येतंय? मागल्या खेपेची पोतीसुद्धा अजून बांधलेलीच आहेत."

मावशींनी फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी आणखी एका घरची खोकी उतरवून घेतली. मी चिडलो. "मावशी, कशाला घेताय? जाणार कुठं ही?"

"ते टाकून देतील."

"मग आपण काय करणार आहोत?"

त्यांनी पुढचं खोकं उतरवून घेतलं. गॅरेज भरलं, गाडी हिवाळाभर बाहेर बर्फात राहिली. वसंतात त्यांचा मुलगा दूर दक्षिणेतल्या प्लेनो गावाहून आला. मावशींचे गुडघे गेलेले, काकांच्या मागं एकटं राहणं कठीण झालेलं. घर विकून त्यांना घेऊन जायचं ठरलं. त्याचं काहीच चुकलं नाही. मंडळानं सगळ्यांना ई-मेल पाठवली, की पुस्तकं न्या. "ग्रेट वर्क, मावशी!" अशी उत्तरं ढिगानं आली. न्यायला कुणी आलं नाही. काही खोकी मी आणली, ती माझ्या क्लॉझेटमध्ये आहेत. माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, तेव्हा त्या खोक्यांचं पुढे काय होणार ते मला आताच दिसतं.

बाकीची पुस्तकं रद्दीच्या ट्रकमध्ये गेली. मावशी ड्राइव्हवेत खुर्ची टाकून बसल्या आणि प्रत्येक गठ्ठा सुतळीनं बांधू लागल्या, पोत्यात भरायच्या आधी बांधत तसा, उलटसुलट गाठ मारून. ट्रकवाला म्हणाला, "मॅम, यू डोन्ट हॅव टू टाय देम." त्या म्हणाल्या, "आय नो," आणि बांधत राहिल्या. तो बिचारा थांबला. मावशींना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मलाही आवरलं नाही.

या ग्रंथाची बातमी द्यायला मी प्लेनोला फोन केला. मावशी म्हणाल्या, "मराठीत काढताय? अरे, आणखी एक पुस्तक? ठेवणार कुठं ते?" मी हसायचा प्रयत्न केला. त्या हसत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, "आणि शंभर वर्षं जगा वगैरे लिहू नकोस हं. कशाला जगायचं?"

मावशी, विचारलंत म्हणून सांगतो. हा ग्रंथ समारंभात वाटला जाईल, घरोघरी कपाटात जाईल. आमची मुलं तो उघडणार नाहीत. उघडला तरी त्यांना तो वाचता येणार नाही. आम्हीही आपापलं नाव कुठं आलंय तेवढं बघू. तुम्ही मात्र तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचाल, चुकांवर पेन्सिलीनं खुणा कराल आणि मला फोन करून झापाल. तुमचे डोळे शाबूत राहोत, गुडघ्यांना आराम पडो, आणि तुम्ही खूप खूप जगा. हे मागणं माझ्या स्वार्थाचं आहे. तुमच्यानंतर हे कोण वाचेल, ते मला खरंच माहीत नाही.