फाईल लोकललाच राहिली!

सुरळीत झालेलं काम कुणाच्या लक्षात राहत नाही हो. आमच्या ऑफिसात इतक्या वर्षांत कितीतरी जॉब नीट चालले असतील, पण त्यातला एक मला आठवत असेल तर शपथ! अडकलेले मात्र सगळे पाठ आहेत. चहाला बसलं की एक निघतो, त्याला धरून दुसरा, आणि मग निमसे सर आतून ओरडतात, "अरे, आजचा जॉब कोण बघतंय?"

आधी आम्ही करतो काय ते सांगतो. वाशिंदला स्टेशनपासून पाच मिनिटांवर, पत्र्यांच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. शहापूर-मुरबाडच्या डोंगराकडच्या पाड्यांवर घरात जी बोली बोलतात, तिची रेकॉर्डिंग आमच्याकडे येतात. त्यातून शब्दांच्या याद्या करायच्या, शाळांसाठी गोष्टी तयार करायच्या. आवाजाच्या फाइली इतक्या, की एका कॉम्प्युटरला झेपत नाहीत. म्हणून नऊ मशिनी एकमेकींना जोडल्यात. त्यांना लावून दिलेलं एकेक काम म्हणजे जॉब. त्यांचा मिळून एक सामाईक साठा आहे. शिवाय प्रत्येकीची स्वतःची डिस्क आहे, तिला आम्ही म्हणतो लोकल. फाईल सामाईक साठ्यात असली तर नऊही जणींना दिसते. लोकलला असली तर जिच्याकडे आहे तिलाच दिसते. एवढं कळलं की पुढचं सगळं कळतं. आम्हाला हे एवढंच कळायला दोन वर्षं लागली, ते सोडा!

माणसं चार. निमसे सर प्रमुख. धसईची प्रणाली प्रोग्राम लिहिते. देवरामभाऊ वाघ सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यावरचे, पन्नाशीचे. रेकॉर्डर घेऊन पाडेच्या पाडे पालथे घालतात. आणि मशिनींची देखभाल करणारा मी, सतीश.

*

प्रणाली नवीन होती तेव्हाची गोष्ट. देवरामभाऊ सकाळी रेकॉर्डरचं कार्ड देऊन परत निघाले. त्यांना वाशिंदहून कल्याणला गाडीने जायचं आणि तिथून मुरबाडची एसटी धरायची. ते गेले आणि इकडे जॉब अडला. प्रणालीने बघितलं, तर फाईल सामाईक साठ्यात टाकायची राहून गेली होती. तिने भाऊंना सहज फोन केला, "भाऊ, काळजी करू नका, तुमची फाईल लोकललाच राहिलीय."

भाऊ नुकतेच कल्याणला उतरले होते! त्यांनी एसटी सोडली आणि सरळ स्टेशनातलं हरवलेल्या सामानाचं ऑफिस गाठलं.

संध्याकाळी त्यांचा फोन. "मॅडम, तक्रार लिवून दिलीय. पन ते रंग इचारत व्हते फाइलीचा. मी बोललो, मी नाय पाह्यली, पोरीनं सांगलंन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्जाची प्रत आणून दाखवली. निमसे सरांनी ती मोठ्याने वाचली. वस्तूचे वर्णन: एक फाईल. रंग: माहीत नाही. आतील ऐवज: चाळीस म्हाताऱ्या माणसांचे आवाज!

*

प्रणालीच्याच पहिल्या जॉबची गंमत. तिने प्रोग्राम लिहिला, एक नंबरच्या मशिनीवर चालवून बघितला. झकास चालला. मग नऊ मशिनींवर सोडला, तर आठ जणी एकसुरात, "फाईल सापडत नाही!"

ती माझ्याकडे आली. "सतीशदादा, आठ मशिनी बिघडल्यात."

आठ एकदम? म्हटलं, उंदरांनी वायर खाल्ली असणार. मी आठही उघडल्या. धूळ काढली, केबली बदलल्या, पंख्यांना तेल दिलं. दुपारचं जेवण बुडालं. परत जॉब लावला. "फाईल सापडत नाही!"

निमसे सर आले. शांतपणे म्हणाले, "फाईल ठेवलीय कुठे?"

"एक नंबरला सर," प्रणाली म्हणाली, "तिच्या लोकल डिस्कवर."

सरांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्या काळ्या हातांकडे. "म्हणजे किल्ली एकाच्या खिशात, आणि सतीश, तू बाकीच्या आठ जणांचे खिसे शिवून देत होतास!"

*

प्रणालीची आई एकदा धसईहून बाजार करून आली, दोन तास आमच्यात बसली. लेक सारखी स्क्रीनमध्ये डोकं घालून, कपाळाला आठ्या. शेवटी आईला राहवेना.

"काय करतंस गो सकाळपासून?"

"फाईल शोधते, आई."

"काल काय करत व्हतीस?"

"फाईल ठेवत होते."

*

आम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेच्या मॅडमना आम्ही पहिली शब्दयादी पाठवली. आता गंमत अशी, की नऊ मशिनी मिळून काम करतात तेव्हा उत्तर एका फाइलीत येतच नाही. जिने जेवढं केलं तेवढा तिचा तुकडा. मी नाव दिलं होतं 'शब्दयादी', आणि झाली फाइलीऐवजी पेटी, म्हणजे फोल्डर! आत नऊ तुकडे, आणि दहावी एक फाईल, तिचं नाव 'सक्सेस'. काम पूर्ण झालं की मशीन ती आपोआप ठेवते. खूण म्हणून. आत काही नसतं.

मॅडमचा फोन आला. "सतीश, बाकीच्या काही उघडेनात. एक उघडली, 'सक्सेस' नावाची. ती रिकामी आहे."

"बरोबर आहे मॅडम. ती रिकामीच असते."

"रिकामी असते?"

"हो. म्हणजे काम यशस्वी झालं असं समजायचं."

मॅडमनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "यश आलंय, पण हाताला काही लागलेलं नाही. असंच ना?"

"हो मॅडम."

"चालेल. आमच्या वार्षिक अहवालात बसतं ते!"

*

आता माझ्यावरचा किस्सा. हसून सांगतो, पण त्या दिवशी हसू आलं नव्हतं.

आमच्या भागात ठाकूरवाड्या किती, विचारू नका. शहापुरात आहेत, मुरबाडात आहेत. देवरामभाऊंनी एका ठाकूरवाडीला सहा दिवस राहून रेकॉर्डिंग केलं. मी ते 'ठाकूरवाडी' नावाने साठ्यात टाकलं. महिन्याने ते दुसऱ्या ठाकूरवाडीला गेले. तेही मी 'ठाकूरवाडी' नावाने टाकलं. मशिनीला आधीच सांगून ठेवलं होतं, जुनं असेल तर त्यावर नवीन लिही. तिने लिहिलं. पहिली ठाकूरवाडी साफ!

भाऊंना सांगायची माझी हिंमत होईना. शेवटी सरांनीच सांगितलं. भाऊ माझ्यासमोर बसले.

"पन तुमी बोलला व्हता ना, परतेक फाइलीच्या तीन तीन प्रती असतात, येगयेगळ्या मशिनीवर?"

"असतात भाऊ. मशीन बंद पडली तर उपयोगी पडतात."

"मंग येक गेली तरी दोन हायत."

"तिन्ही गेल्या, भाऊ. पुसायचं एकदा सांगितलं की तिन्ही पुसल्या जातात."

भाऊंनी तीन बोटं वर केली. "तिघींना हुकूम येकाच मानसाचा. मंग तीन कशाला ठेवल्या?"

पुसल्या गेलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एक आजोबा होते, ते मधल्या महिन्यात वारले होते. त्यांना आता कुठून आणणार? माझे डोळे भरून आले.

भाऊंनी खिशातून तंबाखूची जुनी पत्र्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. आत कापसात गुंडाळलेली सगळी कार्डं! पहिल्या दिवसापासूनची. आम्ही कार्ड परत देताना त्यांना ते पुसून पुन्हा वापरायला सांगायचो, आणि ते दर वेळी स्वतःच्या खर्चाने नवीन घ्यायचे.

"तुमच्यावर इस्वास हाय रं सतीश," ते म्हणाले. "मशिनीवर नाय."

संस्थेचे लोक आता तपासणीला आले आणि बॅकअपची व्यवस्था विचारली, की निमसे सर गंभीर चेहऱ्याने सांगतात, "डबी आहे."

*

भाऊंनी आम्हालाही एकदा घाम फोडला. लोक एकेक शब्द आठवून सांगतात, म्हणून ते प्रत्येक शब्दाची वेगळी फाईल करून आणू लागले. 'मूस', एक फाईल. 'कोरळ', दुसरी. अशा हजारो. फाइली एवढ्याशा, पण नऊतली एक मशीन आपलं काम करून हेही सांभाळते, की कुठल्या नावाची फाईल कुणाकडे आहे. सगळी नावं तिच्या डोक्यात. ती बिचारी मंद होत होत एक दिवस बंदच पडली.

मी भाऊंना हे समजावलं. म्हटलं, शंभर शब्द मिळून एक फाईल करा, तिला त्रास होतो.

भाऊ कळवळले. "सगळ्यांची नावं येकटीच्याच डोक्यात? मंग हिला सुट्टी कदी?"

सर हसले, पण त्यांना ते पटलं. आमच्या हजेरीपटात आता शेवटी एक ओळ आहे. नाव: नाववाली. रविवार: सुट्टी.

*

आणि हा एक. हा सांगून झाल्यावर सगळे आपापले कप घेऊन उठतात.

सोनूबाई नावाच्या आजींचं रेकॉर्डिंग भाऊंनी केलं होतं. लहानपणची गोष्ट. ती आणि तिची थोरली बहीण ठमी मोहाची फुलं वेचायला नदीपलीकडे गेल्या. परतताना वरच्या अंगाला वळवाचा पाऊस झाला आणि पाणी चढलं. मधोमध सोनू वाहून गेली, खाली उंबराच्या मुळांना अडकली, पाय मोडला. ती अजून लंगडते. चाळीस मिनिटांची गोष्ट. इतकी सुरेख सांगितलेली, की आम्ही ती शाळांना पाठवली. शाळेतून ती नातवंडांच्या फोनवर गेली. आणि तिथून ठमाबाईच्या, म्हणजे त्या ठमीच्या, कानावर.

एके दिवशी भाऊ दोघींना घेऊन ऑफिसात आले. दोघींची सत्तरी उलटलेली. भाऊ माझ्या कानात म्हणाले, "येका गाडीत आल्या, पन येगयेगळ्या बाकड्यावर बसल्या."

सोनूबाई खुर्चीवर टेकली. "बाळा, त्यात येक शबुद चुकलाय. तो बदलून दे."

"कुठला आजी?" प्रणालीने विचारलं.

"मी बोलले, ठमीनं माझा हात सोडला. तसा नाय. हात सुटला."

ठमाबाई खिडकीशी बसली होती. बाहेर बघत.

प्रणालीने निमसे सरांकडे बघितलं. सर आजींच्या समोर बसले. "आजी, आमच्या साठ्यात एकदा ठेवलेली फाईल मधूनच बदलता येत नाही. शेवटी काही जोडता येतं. मधलं बदलायचं तर सगळी नव्याने करावी लागते. आणि नुसता एक शब्द वेगळा बोलून चिकटवला, तर ऐकणाऱ्याला कळतं."

"म्हंजे परत सांगाय लागंल?"

"पहिल्यापासून."

"सांगते," सोनूबाई म्हणाली. "येवढी आली ती कशाला?"

आम्ही पंखा बंद केला, दार लावलं. खालच्या दुकानात जाऊन मी पत्रे उतरवणं थांबवायला सांगितलं. प्रणालीने रेकॉर्डर चालू केला.

सोनूबाईने सुरुवात केली. तीच गोष्ट, तेच शब्द. पहाटे निघालेल्या दोघी, डोक्यावरच्या टोपल्या, मोहाचा वास अंगाला लागलेला. मग नदी. पाणी गुडघ्याला, मग मांडीला, मग कमरेला. ठमीने सोनूचा हात धरलेला. टोपल्या गेल्या. पाण्याचा आवाज एवढा, की एकमेकींना हाक ऐकू जाईना.

आणि सोनूबाई थांबली.

रेकॉर्डर चालू होता. तिने ठमाबाईकडे बघितलं. ठमाबाईने खिडकीतून मान वळवली नाही.

"सांग गो," ती म्हणाली.

सोनूबाईने पदराने तोंड पुसलं.

"ठमीनं माझा हात सोडला," ती म्हणाली. आणि न थांबता पुढे सांगत गेली. उंबराची मुळं, मोडलेला पाय, शोधायला आलेली माणसं, थेट शेवटपर्यंत.

प्रणालीने रेकॉर्डर बंद केला. निमसे सरांनी विचारलं, "आजी, मग आता जुनी काढून ही ठेवायची, की जुनीच राहू देऊ?"

सोनूबाईने बहिणीकडे बघितलं. ठमाबाई उठली. दोघींच्या पिशव्या तिने एका हातात घेतल्या.

"दोनी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "येक माझ्या मागं सांगलेली, येक माझ्या म्होरं."