शाल्वा मास्तरांचे माणूसवेड

शाल्वा मास्तर पियानोला हात लावण्याआधी बोलत. दर रविवारी, न चुकता. तिबिलिसीतल्या सोलोलाकी भागातल्या त्या जुन्या इमारतीतले शेजारी आपापल्या खुर्च्या घेऊन त्यांच्या खोलीत जमत, उशिरा येणारे लाकडी सज्जात बसत, आणि मास्तर झाकणावर हात ठेवून माणूस या विषयावर सुरू होत. माणूस हे कुणाचे साधन नव्हे. संगीत कशासाठी? शेजाऱ्याचे दुःख आपल्याला ऐकू यावे म्हणून. "एका माणसावरून जगातले सगळे पियानो ओवाळून टाकले, तरी कमीच!" असे म्हणून ते बसत आणि वाजवू लागत. बायका डोळे पुसत, पुरुष उगाच खाकरत.

त्यांची थोरली बहीण त्सियाला दाराशी उभी राहून ऐके, अर्धे लक्ष चुलीवरच्या राजम्याकडे. भावासाठी ती लग्नाशिवाय राहिली. त्याची बोटे खराब होऊ नयेत म्हणून थंड पाण्यातली भांडी जन्मभर तिनेच घासली. जीभ मात्र तिखट. "जगातल्या माणसांचं आटपलं असेल, तर घरातल्या माणसाला दोन बादल्या पाणी आणून दे," म्हणायची. पण भावावर तिची श्रद्धा होती, देवावर असावी त्याहून थोडी जास्तच.

मग यादवी आली. वीज गेली, गॅस गेला, पावासाठी रांगा लागल्या. लोकांनी कपाटे जाळली, मग जमिनीच्या फळ्या उपसून जाळल्या. मास्तरांच्या घरातही पियानो एवढेच लाकूड उरले. रविवार चुकला नाही. लोक कोट घालून येत आणि ऐकत.

त्या हिवाळ्यात तळमजल्यावरचा सोस्लान वारला. बूट शिवायचा. जन्म याच गल्लीतला, पण वंशाने ओसेतियन, आणि उत्तरेकडे त्या लोकांशी लढाई पेटली होती. वर्षभर कुणी त्याच्याकडे बूट टाकले नव्हते. आता तो टेबलावर पांघरुणाखाली पडून होता आणि शवपेटीला गावात फळी नव्हती. पेटीशिवाय माणूस घराबाहेर काढणे म्हणजे तिथे सात पिढ्यांची बेअब्रू. वालिको सुताराने पेटीसाठी घरोघर एखादे जुने दार मागून पाहिले. "त्यांच्या लोकांकडे माग की," असे एकाने ऐकवले. बाकीच्यांनी नुसतेच दार लावून घेतले.

शेवटी वालिको सोस्लानच्या बायकोला, झालिनाला, घेऊन मास्तरांकडे आला. त्याने पियानोला फेरी मारली, बाजूच्या फळीवर बोटे आपटली.

"अक्रोडाचं आहे. थोडा जोड द्यावा लागेल. पण सोस्लान बुटका होता, बसेल."

मास्तर पांढरे पडले. "कशात बसेल?"

"मास्तर, नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही," झालिना म्हणाली. "पण तुम्हीच म्हणता ना, म्हणून विचारायला आले."

त्सियाला दाराशी येऊन उभी राहिली. मास्तर खिडकीपाशी गेले, परत आले. "झालिना, हा पियानो माझा एकट्याचा असता तर आत्ता दिला असता. पण ही लढाई उद्या संपेल. तेव्हा गल्लीतल्या पोरांना माणुसकी कोण शिकवणार? कशावर शिकवणार? एका माणसासाठी सगळ्या माणसांचं..."

"बरं," झालिना म्हणाली.

त्सियालाला हायसे वाटले. अगदी खरे सांगायचे तर आनंदच झाला.

सोस्लानला गालिच्यात गुंडाळून नेले. दारापुढच्या पायऱ्या उतरताना गालिचा मधेच वाकला, आणि सज्जात उभे असलेले सगळे आत गेले.

रविवारी लोक आले. झालिनाही आली, काळ्या कपड्यांत, खुर्ची घेऊन. मास्तर बोललेच नाहीत. सरळ बसले आणि बोटे पट्ट्यांवर ठेवली.

"मास्तर," झालिना म्हणाली, "आधी ते माणसाचं सांगा ना. तुम्ही सांगता तेव्हा जरा बरं वाटतं."

टोमणा असता तर मास्तरांनी सोसला असता. पण ती खरेच वाट पाहत होती. मास्तरांनी बोटे उचलली आणि पियानोचे झाकण लावून टाकले. कुणीतरी खोकले. एकेक करून लोक खुर्च्या उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वालिकोची कुऱ्हाड आणली. "अरे, वेड लागलंय का तुला?" त्सियाला ओरडली. "आता कुणासाठी फोडतोयस?" ते ऐकेनात. तारा तुटताना असे काही आवाज निघाले की शेजारी धावत आले आणि दारातच थांबले. फळ्या कवेत घेऊन मास्तर तळमजल्यावर उतरले. मागोमाग बहीण.

झालिनाने दार उघडले. फळ्यांकडे पाहिले, मास्तरांकडे पाहिले. तिला रडू आले नाही की राग आला नाही.

"आता त्याला काय उपयोग, मास्तर," ती म्हणाली. "पण जळणाला होतील. आत या दोघंही, थंडी मी म्हणतेय."

तिने एक फळी पायाखाली धरून मोडली आणि शेगडीत सारली. पॉलिश आधी पेटले, मग लाकूड. धग चांगली होती. मास्तर जमिनीवर बसले, बराच वेळ हात कोटाच्या खिशात घालून. मग त्यांनी ते बाहेर काढले आणि शेकू लागले.

त्सियालाला भावाची लाज वाटली, इतकी की त्याच्याकडे बघवेना. पण तीही गारठली होती. तीही जवळ सरकली.