मुराळ्यासमोरचा डाव

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. बी.एस्सी. झालो. त्याचा अभिमान मला आजही आहे, लपवत नाही. पण त्याच वर्षी घरात बसून मी जे केलं, ते आठवलं की मान वर होत नाही.

परभणीचं कॉलेज संपवून पेडगावला आलो होतो. नोकरीचे अर्ज भरायचे, दुपारी लोळायचं. वैनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, फोनवर कॅरम खेळायची. सातवी शिकलेली, माहेर गंगाखेडकडचं. मी पण तोच गेम घेतला. समोरासमोर बसायचं आणि आपापल्या फोनवर खेळायचं.

पहिल्याच दिवशी तिनं मला ओळीनं तीन डाव हरवलं. माय शेंगा फोडत बसली होती.

"आरं ए बी.एस्सी., सातवीवाली मारायलीय की तुला!"

मला ते झोंबलं. मग मी चाळे सुरू केले. पाळी आली की मुद्दाम शेवटच्या सेकंदापर्यंत थांबायचं. तिचा नेम चुकला की हसरी तोंडं पाठवत राहायचं. "भावजी, लय चिंधीगिरी करायलाव तुमी," ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःही तेच करायची. त्या गेममध्ये एक खोटही होती. हरायला आलं की नेट बंद करून परत चालू करायचं, डावच रद्द व्हायचा. मी दोनदा केलं, तिसऱ्यांदा तिनं पकडलं. मग ऐन माझ्या शेवटच्या सोंगटीला तिनं माझ्या डोळ्यांदेखत नेट घालवलं. "रेंज गेली भावजी, काय करता!" आम्ही दोघं हसून हसून दमलो.

तेवढ्यावर राहिलो असतो तर बरं होतं.

कॉलेजच्या एका दोस्तानं मला एक ॲप पाठवलं. ते टाकलं की स्ट्रायकर कुठं आदळणार, सोंगटी कुठं जाणार, याची लांब रेघ स्क्रीनवर उमटायची. ती बघायची आणि बोट सोडायचं, बस. त्या दिवसापासून मी भिंतीला पाठ लावून बसायला लागलो, मागून कुणाला रेघ दिसू नये म्हणून.

दहातले नऊ डाव माझे. वैनीनं एकदाही शंका घेतली नाही. "शिकलेल्याचं डोकं येगळंच असतंय," म्हणायची. ते मला ऐकायला गोड लागायचं. सगळ्यात जास्त लाज मला त्या गोड लागण्याची वाटते.

पंचमीच्या आधी तिला माहेरी न्यायला तिचा धाकटा भाऊ मुराळी म्हणून आला. चहा देता देता वैनी त्याला म्हणाली, "भावजी एवढे शिकलेत, पर मी हरवलंय बरं का त्यांना."

"मग दाखव की खेळून," तो म्हणाला.

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला फक्त तो एक डाव हवा होता, भावासमोर. मला ते स्पष्ट कळत होतं. तरी मी भिंतीला पाठ लावली. तिच्या चार सोंगट्या गेल्या, तोवर माझ्या सगळ्या गेल्या होत्या, राणीसकट.

"आक्का, उगं बढाया मारायलीस व्हय?" मुराळी हसला. तीही हसली, कपबश्या उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

माहेरून परतली ती गेम काढून टाकूनच. विचारलं तर म्हणाली, "फोनची जागा भरली हुती." दुपारी आता ती नुसतीच भिंतीकडं बघत बसायची. पंधरा दिवसांनी मला ते सोसेना. मी फोन तिच्यासमोर धरला, रेघ दाखवली.

"म्हंजी आपण नेट बंद करायचो, तसलंच का हे?"

तिनंच मला वाट करून दिली होती. मी म्हणालो, "व्हय, तसलंच."

"मग मला बी द्या टाकून."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. टाकून दिलं. गेम परत घेऊन ती कुणा अनोळख्याशी खेळायला बसली. चार सोंगट्या गेल्या, चारही सरळ. पाचव्याला तिचं बोट तसंच थांबलं.

"ह्यात माझं काय ऱ्हायलं खेळायला?"

तिनं नजर स्क्रीनवरून माझ्याकडं वळवली.

"नेट बंद करायचो ते दोघालाबी ठावं ऱ्हायचं, भावजी." मग तिनं विचारलं, "माझा भाऊ आलता त्या दिशीबी हे हुतं?"

"व्हय."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं फोन पालथा ठेवला, परात ओढून पीठ घेतलं.

"दिवाळीला त्यो येईल न्यायला. तवा तुमी सांगा त्याला. माझं त्याला खरं वाटायचं न्हाई."

दिवाळीला मी परभणीला निघून गेलो. अर्जाची शेवटची तारीख आहे म्हणून सांगितलं. तारीख नव्हती.

आता मला नोकरी आहे. तिचा भाऊ कुठल्या ना कुठल्या लग्नात भेटतोच. "काय पाव्हणं, आमच्या आक्काला हरवताव का अजून?" विचारतो. वैनी तिथंच असते, वाढत असते. तिचा हात जरासा थांबतो.

मी म्हणतो, "आता कुठं वेळ मिळतो," आणि जेवायला लागतो.