तलावावरच्या बाळंतिणी

आम्ही मालकाच्या गोठ्यात राहत होतो, पण मानानं बैलांच्या खालचे. पावसाळ्यात कोरडी बाजू बैलांची, गळती आमची. आई म्हणायची, "बैल आजारी पडला तर मालक बघाय तरी येतो. आपल्याला कोण इचारतंय?"

निजामाचं राज्य होतं. आमचं गाव बेंबळीच्या अलीकडं. तलावाच्या वरच्या अंगाला एक उघडा उतार होता. त्यावरनं पाणी वाहत तलावात यायचं आणि तेच सारं गाव प्यायचं, म्हणून तिथं घर बांधायला सरकारी बंदी होती. वडलांनी तिथंच बांधलं. त्यांना स्वतःचं दार पाहिजे होतं, बस्स. बघता बघता शेजारी चुलत्याचं धरून आणखी पाच घरं उठली.

महसुलाचा गिरदावर घोड्यावर बसून घरं पाडायला आला. पण चुलती त्याच आठवड्यात खरोखरची बाळंत झालेली. दाराला लिंबाचा डहाळा, आत ओव्याचा धूर. गिरदावरानं घोडा वळवला. "सव्वा महिना ऱ्हाऊ द्या. आमच्यात बी तसंच हाय." भिंती पाडल्या तर धूळ बाळाच्या नाकात जाईल, म्हणून बाकीची पाचही घरं त्यानं सोडली.

झालं! पुढं बांधावर घोडा दिसला, की कुठल्या तरी दाराला डहाळा लागायचा. असं करत पाळी आमच्या घरावर आली. आईला तर गिरदावरानं वाटेतच सरपणाचा भारा आणताना बघितलेलं. मग वडलांची साठीची आत्या गोधडी घेऊन आडवी झाली.

गिरदावर खाली उतरला आणि त्यानं एक पुरचुंडी पुढं केली. "आमच्या घरातनं खारीक-खोबरं दिलंय बाळंतिणीला. लई बाळंतपणं होतात म्हणे तुमच्या वस्तीत."

वडलांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. खोट्या बाळंतिणीचं खोबरं त्यांच्यानं घेववेना. "साहेब, आत बाळंतीण न्हाय. माझी म्हातारी आत्या हाय."

आतनं आत्या कडाडली, "खोटं बोलतोय त्यो! म्या बाळंतीण हाय! आन हिकडं खोबरं!"

"काय झालं, बडी अम्मा? मुलगा का मुलगी?"

"अजून बघितलं न्हाय!"

गिरदावर खोगीर धरून हसला. मग डोळे पुसून वडलांना म्हणाला, "इथं घर ऱ्हाणार न्हाय. तुमच्या दारातली घाण तुमचीच लेकरं पितात. पण खरं बोललास, म्हणून सांगतो. गावाच्या पल्याड गावठाणाची जागा पडून हाय. सगळे मिळून अर्ज द्या, मी शिफारस लिहितो."

घर आम्हीच आमच्या हातानं पाडलं. खोबरं आत्यानं परत दिलं नाही.

जागेचा कागद उर्दूत आला. घरात तो कुणालाच वाचता येईना, म्हणून आईनं डाळीच्या मडक्यात जपला. आमच्या घरातनं कॉलेजात गेलेली पहिली मीच, हे मी ताठ मानेनं सांगते. पण त्याच्या कितीतरी आधी, शाळेत उर्दू शिकून, घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवलेला पहिला कागद तो.

सहाही घरांना जागा मिळाली. आमचं दार आमच्या नावावर झालं.